पहिलं महागडं फाउंटन पेन कसं निवडावं: मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

फाउंटन पेनांवरची बहुतेक माहिती इंग्रजीत आहे, आणि ती देणारे लोक रोमन लिपीत लिहून पेन तपासतात. आपल्या लिपीचं गणित वेगळं आहे. शब्द लिहून झाला की हात परत मागे येऊन ओल्या अक्षरांवरून शिरोरेघ ओढतो. थ, भ, ध यांच्या डोक्यावर गाठ असते. द्ध, ष्ठ, ज्ञ यांच्या पोटातली जागा इवलीशी असते. शिवाय एका शब्दात पेन चार-पाच वेळा कागदावरून उचललं जातं. म्हणून तिकडे ज्या निबची वाहवा होते, तीच आपल्या वहीत चिखल करू शकते. एवढे पैसे घालणार असाल तर पेन देवनागरी लिहूनच निवडा. निब आधी, बाकी सगळं नंतर.

‘महागडं’ म्हणजे इथे मी सोन्याची निब असलेलं पेन धरतोय. अशी जपानी पेनं आपल्याकडे साधारण बारा-पंधरा हजारांपासून सुरू होतात. पेलिकान या जर्मन कंपनीचं एम ८०० पन्नास हजारांच्या आसपास जातं आणि मोंब्लाँचं ‘१४९’ हे पेन लाखाच्या घरात. हे ढोबळ आकडे आहेत. सोन्याबरोबर हे भावही चढत राहतात, त्यामुळे खरेदीच्या दिवशीचा भाव विचारूनच हिशेब करा.

आधी हात तयार करा

बॉलपेनाने आपल्याला दाबून लिहायची सवय लावलेली असते. फाउंटन पेनाला दाब लागत नाही, निब नुसती कागदाला टेकली की शाई उतरते. ही सवय मोडायच्या आत सोन्याची निब हातात घेतली तर तिची दोन पाती फाकतात आणि महागाची निब कायमची बिघडते. म्हणून आधी दोन-तीन महिने लॅमी सफारी, पायलट मेट्रोपॉलिटन किंवा एखादं चांगलं देशी पेन वापरा. त्या काळात स्वतःकडे लक्ष ठेवा. पेन किती आडवं धरता, टोपण मागे लावून लिहिता की काढून ठेवता, सलग किती पानं लिहिता, बोट कुठे दुखतं, हे पाहा. या उत्तरांवरच पुढची निवड ठरते.

याच काळात घरातलं जुनं कपाटही एकदा उघडा. १९४१ साली बाजारात आलेलं पार्कर ५१ आपल्याकडे वकील, मास्तर, सरकारी अधिकारी यांच्या खिशात असायचं, आणि अनेक घरांत ते अजून कुठल्यातरी डबीत पडलेलं आहे. १९४८ नंतरच्या ५१ मधली शाईची पिशवी इतकी टिकाऊ निघाली, की साध्या पाण्यात रात्रभर निब बुडवून ठेवली आणि चार-सहा वेळा धुतली तर ते पेन पुष्कळदा पुन्हा लिहू लागतं. पण ५१ सारखंच दिसणारं चिनी हिरो ६१६ सुद्धा आपल्याकडे घरोघरी होतं. तेव्हा हरखून जाण्याआधी टोपणावरचं नाव नीट वाचा.

निब

सोन्याची निब गुळगुळीत चालते, हा समज सगळ्यात पक्का आहे आणि चुकीचा आहे. कागदाला सोनं लागतच नाही. निबच्या टोकावर एका फार कठीण मिश्रधातूचा बारीक मणी वितळवून बसवलेला असतो आणि तोच कागदावरून फिरतो. तो मणी नीट घासला असेल तर स्टीलची निबही लोण्यासारखी चालते, आणि घासणी फसली असेल तर १८ कॅरेटची निबही कागद खरवडते. सोन्याचा खरा फायदा दोन बाबतींत आहे. शाईतल्या आम्लाने ते गंजत नाही, आणि काही निबांमध्ये किंचित लवचिकपणा येतो. तोही सगळ्यांत नसतो, कारण आजच्या कितीतरी सोन्याच्या निबा जाणूनबुजून कडक केलेल्या असतात.

निबवरचे आकडे वाचायला शिका. ५८५ म्हणजे १४ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट आणि ८७५ म्हणजे २१ कॅरेट. कॅरेट वाढलं म्हणून निब चांगली होत नाही, फक्त सोनं जास्त. ‘इरिडियम पॉइंट’ एवढंच कोरलेलं असेल तर तो सोन्याचा छाप नाही, आणि अशा निबा शंभर-दोनशेच्या पेनांवरही असतात. निब पिवळी दिसली तरी ती स्टीलवर मुलामा दिलेली असू शकते. पेलिकानच्या एम २०० ची निब तशीच आहे. निब चांगलीच आहे, पण सोन्याचे पैसे मोजून घेण्याची नाही.

आता जाडी. निबवर ईएफ, एफ, एम, बी अशी अक्षरं असतात, बारीकपासून जाडपर्यंत. पण ही मापं सगळीकडे एकसारखी नाहीत. जपानी कंपन्या कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, लिहिणाऱ्यांसाठी निबा बनवत आल्या, म्हणून जपानी निब युरोपियन निबपेक्षा साधारण एका मापाने बारीक असते. जपानी एम ही युरोपियन एफच्या जवळ जाते. कांजीतही दाट गाठी आणि लहान पोकळ्या असतात, त्यामुळे जपानी निबा देवनागरीला फार मानवतात. रोजच्या मराठी लेखनासाठी मी जपानी एम किंवा युरोपियन एफ सुचवेन. अक्षर बारीक असेल किंवा समासात टिपणं काढायची असतील, तर जपानी एफ. पेलिकानच्या सूवरान मालिकेतल्या (एम ४००, एम ८०० वगैरे) निबा जाड आणि भरपूर शाई सोडणाऱ्या आहेत, तिथे एफच्या वर जाताना दहादा विचार करा.

भरपूर शाई सोडणाऱ्या निबचा त्रास शिरोरेघेला होतो. ‘श्रद्धा’ लिहा आणि लगेच वरची रेघ ओढा. द्ध अजून ओला असतो, निब त्यावरून जाते आणि तिथली शाई रेघेत मिसळून एक फुगीर ठिपका उठतो. पानभर असे ठिपके पडले की अक्षर कितीही वळणदार असो, पान मळकट दिसतं. निब आवडली असेल पण हे होत असेल, तर एक माप बारीक घ्या किंवा लवकर सुकणारी, जरा कोरडी शाई वापरून पाहा. पेलिकानची ४००१ मालिका त्यासाठी चांगली आहे.

स्टब निबबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सुलेखनाची आवड असलेले नवखे तिच्याकडे हमखास ओढले जातात. स्टबचं टोक सपाट असतं, त्यामुळे तिची उभी रेघ जाड येते आणि आडवी बारीक. रोमन अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत मात्र काने जाड आणि शिरोरेघ केसासारखी, असं उलटं चित्र दिसतं. काहींना ते आवडतंही, पण आधी लिहून पाहिल्याशिवाय घेऊ नका. याच्या बरोबर उलटी घासलेली निब असते, तिला आर्किटेक्ट म्हणतात. तिची आडवी रेघ जाड आणि उभी बारीक येते. शिरोरेघ ठसठशीत, खाली अक्षरं सडपातळ! सेलर कंपनीची नागिनाता तोगी ही निबसुद्धा आडव्या रेघेला जास्त वजन देते. ती नोबुयोशी नागाहारा या कारागिराने कांजीसाठी घडवली. महाग आहे, सहज मिळतही नाही. पण मराठी हाताला तिच्याइतकी जवळची दुसरी निब माझ्या पाहण्यात नाही.

फार लवचिक, दाबल्यावर रेघ फुलवणाऱ्या निबा पहिल्या खरेदीत नकोत.

हातात बसतं का

वजनाचा आकडा वाचून काही कळत नाही, तरी अंदाजासाठी सांगतो. पेलिकान एम ४०० पंधरा ग्रॅमच्या आसपास आहे आणि एम ८०० जवळजवळ दुप्पट, कारण त्यातली शाई भरणारी दट्ट्याची यंत्रणा पितळेची आहे. दोन्ही पेनं दिसायला सख्खी भावंडं, पण हातात पूर्ण वेगळी. छोट्या पंजाच्या माणसाला एम ८०० वर टोपण मागे लावून लिहिणं जड जातं.

बोटं जिथे पकडतात तो भाग पाहा. धातूचा असेल तर मुंबई-कोकणच्या घामात तो निसटतो. टोपण बसण्याचे आटे बोटाला टोचतात का, तेही पाहा. पायलटचं कॅपलेस हे १९६३ पासून बनणारं, बटण दाबून निब बाहेर येणारं अफलातून पेन आहे, पण त्याची क्लिप नेमकी बोटांच्या जागी येते. ज्यांची पकड सरळ आहे त्यांना तिचा त्रास होत नाही. ज्यांची बोटं फिरलेली असतात त्यांना ती पहिल्या ओळीपासून खुपते.

कामाचं स्वरूपही बघा. डॉक्टर, वकील, वर्गात फिरत तपासणारे शिक्षक यांना दर मिनिटाला टोपण उघडून दोन शब्द लिहायचे असतात. त्यांना आट्यांचं टोपण वैताग आणतं. कॅपलेस किंवा ओढून निघणाऱ्या टोपणाचं लॅमी २००० त्यांच्यासाठी बरं. पाच-सहा पानं सलग लिहिणाऱ्याला आट्यांनी काही फरक पडत नाही.

शाई भरायची पद्धत

काडतूस (शाई भरलेली तयार नळी) किंवा कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून घेणारी सुटी नळी) असलेलं पेन धुवायला सोपं, शाई बदलायला सोपं, आणि कन्व्हर्टर बिघडला तर थोड्या पैशांत नवा मिळतो. शाई मात्र कमी मावते, एक मिलिलिटर किंवा त्याहून कमी. दट्ट्याच्या पेनात, म्हणजे पिस्टन फिलरमध्ये, शेपूट फिरवलं की शाई आत खेचली जाते. पेलिकानने १९२९ मध्ये हे तंत्र बाजारात आणलं आणि तिची ओळख आजही तीच आहे. पायलट कस्टम ८२३ मध्ये निर्वात पोकळीने शाई भरली जाते आणि एका फटक्यात दोनेक मिलिलिटर मावते. त्यात एक खुबी आहे. सलग लिहायला बसताना शेपटाची घुंडी दोन आटे सैल करून ठेवावी लागते, नाहीतर पानभरात शाई येणं थांबतं. नव्याला हे कुणी सांगत नाही, आणि तो पेन बिघडलं म्हणून दुकानात धावतो.

आपली देशी इबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, पेनं बहुतेक ड्रॉपरने भरायची असतात. राजमहेंद्रीची रत्नम किंवा तमिळनाडूतली रंगा ही पेनं लेथवर हाताने घडतात. इबोनाइट हाताला ऊबदार लागतं आणि घामाने निसटत नाही. रंगाची पेनं चांगल्या जर्मन निबसह दहा हजारांच्या आत मिळतात, आणि मला तीही ‘उंची’ पेनंच वाटतात. ऊन मात्र टाळा, इबोनाइट उन्हात हिरवट पडतं. आणि ड्रॉपरच्या पेनात शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगून कागदावर थेंब पडतो. पाव भाग उरला की भरून टाका, हा साधा उपाय.

पाहायला कुठून सुरुवात करावी

मी सांगेन ते असं. पहिलं सोन्याचं पेन म्हणून पायलट कस्टम ७४ किंवा प्लॅटिनम या कंपनीचं ३७७६ सेंच्युरी. ३७७६ ही फुजी पर्वताची मीटरमधली उंची, जशी मोंब्लाँच्या निबवर ४८१० ही मों ब्लाँ शिखराची उंची कोरलेली असते. प्लॅटिनमच्या टोपणात स्प्रिंगवर बसणारं आतलं झाकण आहे, आणि २४ महिने न वापरताही शाई सुकत नाही असा कंपनीचा दावा आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चार दिवस पडून राहिलेल्या पेनाची निब कोरडी पडते हे ज्यांनी भोगलंय, त्यांना या झाकणाचं मोल कळेल. पायलटची निब गुळगुळीत. प्लॅटिनम आणि सेलरची पेन्सिलीसारखी कागद जाणवू देणारी. शिरोरेघ ओढताना ही जाणीव मला आवडते, कारण रेघ घसरत नाही.

लॅमी २००० हे गेर्ट म्युलर यांनी रेखाटलेलं, १९६६ पासून जवळपास तसंच बनत असलेलं पेन. दिसायला साधं आणि अत्यंत भक्कम. पण त्याची निब झाकलेली असते, आणि पेन हातात थोडं फिरलं तर शाई तुटते. देवनागरीत पेन वारंवार उचलून ठेवावं लागतं, त्यामुळे हे आपल्याला जास्त जाणवतं. लिहून पाहूनच घ्या.

एम ८०० आणि १४९ ही दुसरी-तिसरी खरेदी म्हणून राखून ठेवा. आपली निब कोणती हे कळण्याआधी त्यांच्यावर पैसे घालू नयेत.

दुकानात गेल्यावर

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फोर्ट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट, आणि मोठ्या मॉलमधली विल्यम पेनसारखी दुकानं (याच कंपनीने २०२२ मध्ये शेफर ही जुनी अमेरिकन कंपनी विकत घेतली) इथून शोध सुरू करा. सकाळी, गर्दी नसताना जा. सोबत रोजच्या वापरातली वही आणि एक भिंग न्या. सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग दोन-चारशे रुपयांत मिळतं.

आधी कोरडी निब भिंगाखाली समोरून पाहा. मधली चीर मण्याच्या बरोबर मध्ये हवी. दोन्ही पाती एकाच पातळीत हवीत, एक वर एक खाली दिसलं तर ते पेन परत द्या. मग पेन फिरवून खालून पाहा. निबच्या खाली शाई वाहून आणणारी जी जीभ असते, ती चिरेच्या बरोबर मध्यावर हवी.

मग निब बुडवून लिहायची परवानगी मागा. महागाच्या पेनाला चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. जो म्हणतो, त्याच्याकडे ते पेन घेऊ नका. बुडवलेली निब पहिल्या दोन-तीन ओळी जास्तच ओलं लिहिते, त्यावरून जाडी ठरवू नका. सहा-सात ओळी होऊ द्या, मग मोजा.

काय लिहायचं? स्वतःचं नाव आणि सही नव्हे, ती हात झोपेतही करतो. आधी एक ओळभर ळ काढा, न थांबता, एकाला एक जोडून. ळ म्हणजे आडवा आठ. त्यात निब वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे फिरते. चारही दिशांना सारखी चालली तर उत्तम. एकाच दिशेला खरखर झाली तर पाती वरखाली आहेत, भिंगात दिसलं नसलं तरी. मग वहीच्या रुंदीइतक्या लांब शिरोरेघा ओढा, दाब न देता. रेघ मध्येच फिकी पडायला नको. त्यानंतर नेहमीच्या आकारात भाद्रपद, श्रद्धा, ज्येष्ठ, थंडी, मृदंग असे शब्द लिहा आणि गाठी, पोकळ्या मोकळ्या राहतात का ते पाहा. शेवटी पेन अर्धा मिनिट उघडं धरून थांबा आणि एक साधा ‘क’ काढा. त्याचा पहिला फटकारा कोरा गेला तर सावध व्हा. मणी गरजेपेक्षा जास्त गोल घासला की चिरेच्या कडा कागदाला टेकत नाहीत आणि प्रत्येक वेळी पेन टेकवताना असं होतं. एका श्वासात शब्द जोडून लिहिणाऱ्या रोमन हाताला हा दोष क्वचित अडवतो, आपल्याला दर अक्षराला अडवेल.

त्याच मॉडेलची दोन-तीन पेनं मागून पाहा. एकाच मापाच्या दोन निबा कधीच तंतोतंत सारख्या नसतात.

ऑनलाइन, परदेशातून, जुनं

ऑनलाइन घ्यायचं तर फाउंटन पेनांचीच विक्री करणाऱ्या जागेवरून घ्या. पाठवण्याआधी निब तपासून लिहून बघतात का आणि निब बदलून मिळते का, हे लेखी विचारा. परदेशातून कुरिअरने मागवलेल्या पेनावर सीमाशुल्क आणि कर लागतात, वर कुरिअरचा आकार वेगळा. आकडा आधी काढा. जपानला कुणी नातेवाईक जात असेल तर जपानी पेनं तिथे खूपच स्वस्त पडतात, पण तिथली हमी इथे चालेल असं धरून चालू नका.

मोंब्लाँच्या नकला आपल्याकडे उदंड आहेत. १४९ आणि १४६ ही दोन्ही दट्ट्याची पेनं आहेत. त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पेनात कन्व्हर्टर निघाला तर पुढे काही बघायची गरज नाही. क्लिपच्या कड्यावर क्रमांक असतो, पण तोही नकलेवर कोरतात, त्यामुळे नुसत्या क्रमांकावर विश्वास नको. निम्म्या किमतीत ‘पेटीबंद, बिल नाही’ असं कुणी सांगत असेल तर ते सोडून द्या. जुनं पेन घेताना दट्ट्या पाण्याने चालवून दाखवायला सांगा आणि टोपणाच्या ओठावर केसासारखी चीर आहे का ते उजेडात पाहा.

घरी आणल्यावर

शाई भरण्याआधी पेन एकदा साध्या पाण्याने धुवा, कारखान्यातलं तेलकटपण राहिलेलं असतं. गरम पाणी आणि स्पिरिट कधीच नाही. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं धुणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने करा, नाहीतर क्षार जिभेच्या बारीक खाचांत बसतात. पहिले दोन महिने साधी निळी शाई वापरा. पायलट, पेलिकान, वॉटरमन यांपैकी कुठलीही चालेल. चमकी असलेल्या शाया नंतर. चित्रकलेची जलरोधक काळी शाई तर कधीच नाही, तिच्यातलं लाखेसारखं द्रव्य पेनात वाळलं की ते पेन गेलं.

पहिल्या आठवड्यात रोज दोन पानं लिहा, म्हणजे बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत दोष बाहेर येतील. शाई तुटत असेल तर आधी शाई बदलून बघा, मग कागद. तरीही सुधारलं नाही तर निब नखाने फाकवायला किंवा बारीक कागदावर घासायला जाऊ नका. पेन धुवून, कोरडं करून, लिहिलेल्या नमुन्यासकट दुकानात न्या. एकदा निबला हात लागलाय असं दिसलं की कुणीही ती बदलून देत नाही.